शांत माणसाला बैल मिळत नाही

माझी प्रकृती सुधारली आणि त्यापायी हातात आलेला बैल गेला.

आमचा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या सुमाराची ही गोष्ट. राज्य बदललं, माझा आवाज बदलला नाही. बाजारोबाजार ओरडून दोर विकत विकत दारव्ह्याजवळ शेत घेतलं, ते या आवाजाच्याच बळावर! पण त्या उन्हाळ्यात छाती धडधडू लागली, झोप उडाली, जेवण अंगी लागेना. माझा मेहुणा नामदेव (बायकोचा धाकटा भाऊ, शेत माझ्या बांधाला लागून आणि सल्ला न मागता) मला वैद्यबुवांकडे घेऊन गेला.

वैद्यबुवांनी सांगितलं, की डोक्यामागून निघून गळ्यातून छातीत आणि तिथून पोटात जाणारी एक नाडी असते. ओरडून ओरडून तुम्ही ती ताणून ठेवली आहे. औषध दिलंच नाही. सकाळी थंड पाण्यात तोंड बुडवायचं, खळखळून गुळण्या करायच्या, श्वास सावकाश सोडायचा आणि राग आला की डोळे मिटून भुंग्यासारखं गुणगुणायचं.

खोटं कशाला बोलू, गुण आला. झोप लागू लागली. घरातला वाघ जाऊन भुंगा आला, असं बायको शेजारणींना सांगत सुटली.

पण माझ्या जोडीतला एक बैल वैशाखात दगावला होता, पेरणी तोंडावर आली होती आणि एका बैलावर तिफण चालत नाही. दारव्ह्याच्या बाजारात तांड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं नेमका माझ्या उरलेल्या बैलाच्या उंचीचा बैल आणला होता. मी निघालो. मी पथ्य मोडू नये म्हणून बायकोनं नामदेवला सोबत धाडलं.

आमच्या बाजाराची रीत अशी. घेणाऱ्यानं बैलाला नावं ठेवायची, शेला झटकून चिंचेखाली निघून जायचं, दलालानं समजूत घालून परत आणायचं, मग पुन्हा भांडायचं. शेवटी धनी ज्याच्या हातात दावं देतो, त्याचा बैल. दिलेलं दावं परत घेत नाहीत, तो बैलाचा अपमान. या खेळात मी दारव्ह्यापासून उमरखेडपर्यंत नावाजलेला!

म्हाताऱ्यानं भाव सांगितला. माझी कानशिलं तापली. तोंड उघडणार, तोच नामदेवनं कोपर मारलं. मी डोळे मिटले आणि गुणगुणू लागलो.

आजूबाजूचे सौदे थांबले. मला फिट आली असं समजून कोणीतरी कांदा हुंगवला. म्हातारा मात्र दुखावला. त्याला वाटलं, मी त्याचा बैल पाहून पेंगलो.

"माह्या बैलासाठी जो भांडत नाही, त्याले बैल कायले देऊ?"

दलाल रहमानभाई माझ्या कानाशी आले. "भाऊ, एक तरी शिवी द्या. सौदा हातचा जाऊन राह्यला."

मी श्वास सोडत होतो. तो सावकाश सोडायचा असतो. तो संपेपर्यंत नामदेव पुढे झाला. माझ्या खांद्यावरचा शेला ओढून झटकला, माझ्याच शब्दांत बैलाच्या खुरांना, शिंगांना, शेपटीला नावं ठेवली आणि तणतणत चिंचेखाली गेला. रहमानभाई आनंदानं मागे धावले. तो परत आला, भांडला, पुन्हा गेला. अखेर म्हाताऱ्यानं डोळे पुसले, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि दावं नामदेवच्या हातात ठेवलं. नामदेवनं तिथल्या तिथे पैसे दिले. (सोबतीला आलेल्या माणसानं एवढे पैसे कशाला आणले होते, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही!)

तो माझ्यासाठीच भांडतोय असं समजून मी किलकिल्या डोळ्यांनी पाहत होतो, ते आता पुरते उघडले. दावं इकडे आण म्हटलं.

"त्याच्या हातात देल्लं, त्याचाच बैल," म्हातारा म्हणाला. "तू झोप बापू."

मग मी ओरडलो. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं ओरडलो. पण सौदा झाल्यावर ओरडणाऱ्याकडे बाजारात कोणी पाहत नाही. बैल नामदेवच्या गोठ्यात गेला. घरी गाऱ्हाणं सांगितलं, तर बायको म्हणाली, "माह्या भावानं तुमच्यासाठी गळा फाडला, अन् तुमी त्यालेच बोलून राह्यले?"

पेरणीला नामदेवनं बैल दिला, नाही म्हणत नाही. फक्त अट घातली. "भाऊजी, जनावर भित्रं आहे. मांगून ओरडू नोका." म्हणून मी माझ्याच शेतात, माझ्याच तिफणीमागे, तोंड मिटून चाललो आणि तो बांधावरून पाहत राहिला. त्या पेरणीत तिफणीला मला धरून तीन जनावरं होती. त्यांतलं सगळ्यात गरीब कोण, हे बांधावरूनही दिसत असेल.