शेजारणीच्या डोंगरावरचा किल्ला

इंग्लंडच्या उत्तरेला मी एक किल्ला बांधून ठेवलाय, जिथे माझं पाऊलही कधी पडलेलं नाही. तेव्हाची मी आज समोर आली तर तिच्या तोंडात आधी बेसनाचा लाडू कोंबीन.

कतारला, दोह्यात आमच्या कंपाउंडमध्ये शेजारी एक इंग्रज शिक्षिका राहायची. ती कायमची गावी निघाली, म्हणून दिवाळीच्या फराळाला मी तिला आमच्या मराठी बायकांबरोबर बोलावलं. "तुझं गाव आम्हाला दाखव," असं मीच म्हटलेलं. तिने मोठा फोटो आणला होता. उघडाबोडका डोंगर, उतारावर काळपट दगडी घरं, वरच्या मजल्यावर खिडक्यांची रांग, आणि पार माथ्यापर्यंत चढत गेलेल्या दगडी भिंती.

तिने इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. त्या खिडक्यांपाशी हातमाग असायचे, उजेड हवा म्हणून. पुढे खाली ओढ्यावर गिरण्या आल्या नि घरातले माग थांबले.

एवढ्यात मी भिंतीवर बोट ठेवलं. मी पुण्याची, लग्नाआधी सुट्टीला गड चढणारी. डोंगरावर चुन्याशिवाय रचलेला दगड दिसल्यावर मी गप्प बसणार होय?

"ही तटबंदी," मी जाहीर केलं. "शत्रू या खिंडीतून यायचा." भिंतीच्या तळाशी एक चौकोनी भोक दिसलं, तो चोरदरवाजा ठरला.

"अगं, तू गाइडच व्हायला हवी होतीस," एक मैत्रीण म्हणाली. टोमणा होता, पण मला चेव चढला. मी तिथे वेढासुद्धा घालून दाखवला. शेजारीण ऐकत राहिली. मग तिने फोटो हळूच पिशवीत सरकवला. निरोप तिचा होता नि बडबड माझी. अजून आठवलं की कान तापतात.

सगळ्या गेल्यावर ती माझ्याबरोबर बशा उचलू लागली. आणि मी शहाणी विचारते काय, तर, "कसा वाटला माझा किल्ला?"

बशी पुसता पुसता ती म्हणाली, "तुझ्या चोरदरवाजातून मेंढ्या जायच्या. पूर्वी तो डोंगर सगळ्या गावाच्या चराईचा होता. मग जमीनदारांनी तो वाटून घेतला, आणि भिंती रचायला आमच्याच माणसांना मजुरीवर ठेवलं. फोटोतली ती भिंत माझ्या पणजोबांच्या वडिलांनी रचलेली आहे. मला आज तेवढंच सांगायचं होतं. चकल्या छान झाल्या होत्या."