कमलबाईंच्या लग्नाला कुणाची हरकत

परभणीच्या एका दवाखान्यात कमलबाई रणदिवे नर्स होत्या. तीस वर्षं नोकरी, त्यातली अठरा विधवा म्हणून. चर्चच्या मंडळीत त्यांना फार मान होता. म्हणजे कुणाचं लेकरू तापलं की दार त्यांचं वाजायचं आणि जेवणाचं आमंत्रण द्यायची वेळ आली की त्यांचा विसर पडायचा.

सत्त्याऐंशी साली, त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांच्या आयुष्यात प्रेम आलं ते कुत्र्याच्या कृपेने. मालगाडीचे रिटायर गार्ड दत्तराव भालतिलक, मंडळीतलेच विधुर, बोरीला भावाकडे गेले आणि तिथे त्यांच्या पोटरीला कुत्रं चावलं. त्या काळी त्यावर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. चौदा दिवस दत्तराव सदरा वर करून बाकावर पडत आणि कमलबाई सुई टोचत. प्रेमात नजरानजर होते म्हणतात. इथे दत्तराव डोळे गच्च मिटून प्रार्थना पुटपुटत.

पंधराव्या दिवशी ते पुन्हा हजर.

"कोर्स संपला की," कमलबाई म्हणाल्या.

"ते ठाव हाय. सवय लागली म्हणून आलो."

कमलबाईंनी तोंड वळवून सिरिंजा उकळायला टाकल्या. गालावर आलेली गरमी वाफेची आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली.

चार महिन्यांनी दत्तरावांनी विचारलं, तेही चर्चच्या व्हरांड्यात चपला शोधता शोधता. "घरात मी भिंतीशी बोलायलोय. तुमी याल का?"

कमलबाईंनी आठवडाभर देवाला विचारलं. देवाने नेहमीप्रमाणे स्पष्ट काही सांगितलं नाही, मग त्यांनीच हो म्हटलं.

आता रिवाजाप्रमाणे पाळकसाहेबांनी तीन रविवार लग्न जाहीर करायचं आणि कुणाची हरकत आहे का ते विचारायचं. पहिल्या रविवारी मंडळी नुसतीच खोकली. दुसऱ्या रविवारी बायकांनी कमलबाईंना घेरलं आणि या वयात उपवास वाढवावेत, असं प्रेमाने सुचवलं. नऊ वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्ह्यात दलितांची घरं जळाली तेव्हा मंडळीच्या पंचांना बोलायला तोंड सापडलं नव्हतं. कमलबाईंचं आडनाव बदलणार म्हणताच ते सापडलं.

तिसऱ्या रविवारी पंच माणिकराव उभे राहिले.

"हरकत न्हाई. पण लग्न गुपचूप उरका. या वयात बाई नवरीची पांढरी साडी नेसल्या तर पोरीबाळी हसतील."

पुरुषांच्या बाजूला दत्तराव उठायला लागले. कमलबाईंनी त्यांना हातानेच बसायची खूण केली आणि स्वतः उठल्या.

"माणिकराव, पांढरी साडी मी तीस वर्षं नेसत आले. तुमची पाची लेकरं त्याच साडीत झेलली, तवा कुणी हसलं न्हाई. लग्नात मी जांभळी नेसणार हाय. रंग सोसत नसंल तर डोळे मिटून प्रार्थना करा."

माणिकरावांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, तोंडाला पदर लावला. त्या रडत मात्र नव्हत्या.

लग्न भरल्या चर्चमध्ये झालं. ज्यांना फार वाईट वाटत होतं, ते सगळे जेवायला वेळेवर आले. माणिकरावांनी तीनदा मटण वाढून घेतलं आणि ते तिखट झाल्याचं पाळकसाहेबांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तरावांनी चहा केला. आयता चहा आपण शेवटचा कधी प्यालो, हे कमलबाईंना आठवेना. साखर भयंकर पडली होती.

"जमलाय का?"

"लय चांगला झालाय," त्या म्हणाल्या आणि कप पुन्हा पुढे केला.