अप्पांचा एक नंबर प्लॅटफॉर्म

“बेंगळूरची गाडी पाचवर आहे, आणि हे दोघं बघ, इथंच बसलेत,” मागच्या बाकावरची बाई नवऱ्याला कन्नडमध्ये हळूच म्हणाली. हे दोघं म्हणजे मी आणि मला सोडायला आलेले माझे वडील, अप्पा.

मी ऐकलं. अप्पांनी नाही. ते मला म्हैसूर स्टेशनचा इतिहास सांगत होते: इथं मीटरगेजचे रूळ होते, तिथं कोळशाचा ढीग असायचा. अप्पांची सगळी नोकरी या स्टेशनात माइकसमोर गाड्यांची घोषणा करण्यात गेली. सकाळची बेंगळूरची गाडी एक नंबरवर येते, असं त्यांनीच वर्षानुवर्षं सांगितलं. त्यामुळे घरातून कुणीही बेंगळूरला निघालं की आम्ही न विचारता एक नंबरवर येऊन बसतो.

तेवढ्यात घोषणा झाली. पाच नंबर, अगदी स्पष्ट. अप्पांनी हात झटकला. “मशीन गं ते. त्याला काय गोत्तु, काय ठाऊक?”

मी फोनवर बघितलं. पाचच. सुटायला बारा मिनिटं उरली होती. दुपारी बेंगळुरात माझी पहिली मुलाखत होती. ही गाडी चुकली तर तीही हुकणार. तरी तोंडातून शब्द निघेना. शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. इथं तर अप्पांना, त्यांच्याच स्टेशनात, लोकांसमोर चूक म्हणायचं होतं. ते आता पुढचं सांगायला लागले होते: पलीकडे नवी इमारत होणार, आणखी प्लॅटफॉर्म, सरकते जिने.

मी बॅग उचलली आणि पुलाकडे चालू लागले.

“अय्यो मगळे, अगं पोरी, कुठं?” अप्पा दहीभाताचा डबा घेऊन मागे आले. पुलावरून त्यांना पाचवर उभी गाडी दिसली. मग तेच मला ओढत धावले.

मी खिडकीत बसले तेव्हा सुटायला तीन मिनिटं होती. धडधड थांबली आणि मला चक्क भूक लागली. अप्पा खिडकीचा गज धरून धापा टाकत हसत होते. मला भीती वाटली होती तसे ते मुळीच दुखावले नव्हते.

“घोषणा करणाराच चुकला! आईला सांगू नको हां, वर्षभर चिडवेल.” मग म्हणाले, “तुला ठाऊक होतं ना? बोलली का नाहीस? मुलाखतीत पण अशीच गप्प बसणार?”

गाडी हलली. ते खिडकीबरोबर चालू लागले. आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले, “नाही बसणार! आणि अप्पा, पुढच्या वेळी आधी गाडी, मग इतिहास!”