थोरल्या बावीची परीक्षा

मृणाली घरत या बाईंना आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "तुम्ही नक्की करता काय?" त्याचं उत्तर त्या नीटच देतात, पण ते इतकं लांबतं की ऐकणारा "बरं बरं, झाडांचं काहीतरी" म्हणून सुटका करून घेतो. थोडक्यात सांगायचं तर, झाड किती पाणी पितं आणि त्यातून माणसांना किती उरतं हे मोजायचं, हा बाईंचा धंदा.

मूळच्या त्या उरणकडच्या. आजा आणि बाप दोघेही मिठागरात राबले, भाऊ आता बंदरावर ट्रेलर चालवतो, आणि मृणालीताई दक्षिणेत जाऊन पाण्याच्या डॉक्टर झाल्या. त्यांच्याकडे ताप दाखवायची सोय नाही, हे आई सखुबाईंचं दुःख अजून ताजं आहे. मिठागरातल्या पोरीला ऊन पाणी कसं उडवतं हे शिकवावं लागत नाही. ताई म्हणतात, मिठागरातलं पाणी आभाळात गेलं की मागे मीठ उरतं, म्हणून लोकांना पटतं. झाडाच्या पानातून गेलेल्या पाण्यामागे काहीच उरत नाही, म्हणून कोणी विश्वास ठेवत नाही.

विश्वास न ठेवणाऱ्यांची उत्तम सोय रेवदंड्यापासून आत, आमच्या थोरबावला आहे. बाव म्हणजे विहीर. टेकडीच्या पायथ्याशी आमची थोरली बाव आहे आणि तिच्यावरूनच गावाचं नाव पडलं. सहा वर्षांपूर्वी 'हिरवी टेकडी' नावाच्या योजनेत अर्ध्या टेकडीवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लागली. झाडं अशी तरारली की साहेब दर महिन्याला फोटो काढायला येत. तेव्हापासून बाव मात्र लवकर खाली जायला लागली. गावानं पावसाला दोष दिला, मग बोअरवेलला, मग एकमेकांना.

दोन वर्षांपूर्वी ताई आल्या आणि सगुणामावशींच्या पडवीतली खोली भाड्यानं घेऊन महिन्यातले दहा दिवस राहू लागल्या. त्यांनी बाभळींच्या खोडात सुया बसवल्या, शेजारच्या रानातल्या जुन्या ऐन-किंजळांतही बसवल्या. दोन सुया, त्यातली एक तापते. खोडातून वर चढणारं पाणी त्या सुईची ऊब किती वाहून नेतं, त्यावरून झाड दिवसाला किती लिटर प्यायलं ते कळतं. हे ऐकून धर्माकाका म्हणाले, एक सुई मलापण टोचा, म्हणजे बायको रोज विचारायची बंद होईल.

सुयांनी सांगितलं ते असं. ऐन-किंजळ उन्हाळ्यात पानं झाडून गप्प बसतात. बाभूळ मात्र बारा महिने हिरवी, म्हणजे बारा महिने पिते, आणि मार्चमध्ये पिते ते थेट आपल्या बावीच्या झऱ्यातलं. त्यात आता उन्हाळाच आधी येतो आणि उशिरा जातो. ताईंचं म्हणणं एवढंच की झाडं लावा, पण कुठलं, कुठं आणि किती, हे आधी बघा. एवढ्या वाक्यावरून तालुक्यात त्यांचं नाव 'झाडांच्या विरोधातल्या मॅडम' असं पडलं. एका शाळेनं त्यांना पर्यावरण दिनाला बोलावलं होतं, ते आमंत्रण परत घेतलं.

बावीतही त्यांनी एक यंत्र सोडलं होतं, दर तासाला पाण्याची पातळी लिहून ठेवणारं. पहिल्या उन्हाळ्यातली रेषा त्यांनी ग्रामसभेत शाळेच्या भिंतीवर दाखवली. लाल रेषा, फेब्रुवारीपासून जिन्यावरून गडगडल्यासारखी खाली. ताईंना वाटलं गावाचे डोळे उघडतील. ते उघडले, पण भलतीकडेच. आमच्याकडे सोयरीक बघायला आलेले पाहुणे आधी बावीत डोकावतात आणि मग मुलाकडे बघतात. बावीत पाणी नाही तिथं पोरगी देणं म्हणजे तिच्या डोक्यावर जन्माचा हंडा ठेवणं, हे सगळ्यांना पाठ. आणि त्या दिवशी सगुणामावशींच्या रितेशसाठी आलेले पाहुणे नेमके शाळेच्या ओट्यावर बसून ती रेषा बघत होते. चहा न घेताच गेले.

मावशींनी ताईंना एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. बोलल्या त्या गावातल्या बायकांशी, आणि काय ठरलं ते ताई सोडून सगळ्यांना माहीत होतं. यंदा फेब्रुवारी लागताच बायकांनी थोरल्या बावीला दोर लावणं बंद केलं. आमच्या अल्पेशचा टेम्पो पहाटे शेजारच्या वेळखोल गावाला जायचा, तिथल्या बावीवरून ड्रम भरून आणायचा, वर ताडपत्री. ड्रम चढवणाऱ्यांत मीही होतो, नाकारत नाही. बावीची परीक्षा आहे म्हटल्यावर आपल्या बावीला नापास कशी होऊ द्यायची? साहेब तपासणीला यायच्या आदल्या दिवशी शाळा सारवतात, त्यातलाच प्रकार. गावात लग्नाचे अकरा जण आहेत, त्या अकरांत मी धरून.

ताई दहा दिवस राहायच्या तेव्हा मावशींच्या माठातलं पाणी प्यायच्या. पाण्यावर डॉक्टरेट केलेल्या बाईंनी तीन महिने वेळखोलचं पाणी प्यायलं आणि चव बदलल्याचं त्यांना कळलं नाही. हे मी त्यांना अजून ऐकवतो. त्या अजून चिडतात.

यंत्रानं आपलं काम चोख केलं. मार्चमध्येही बाव जवळपास स्थिर. बाभळी गेल्या वर्षीपेक्षा जास्त पितायत आणि बाव हलत नाही, हे गणित काही जुळेना. ताईंनी बॅटऱ्या बदलल्या, सुया बदलल्या, बेंगळुरूच्या सरांना तीन वेळा फोन केला. योजनेशी झालेल्या करारानुसार मार्चअखेर आकडे द्यावे लागणार होते, ते दिले, पण वर स्वच्छ लिहिलं, 'तपासणी बाकी, निष्कर्ष काढू नये.'

योजनेच्या साहेबांनी निष्कर्ष काढला. गेल्या वर्षी बाव आटली, यंदा भरलेली आहे, मधे झाडं एक वर्षानं मोठी झाली. म्हणजे झाडांनी पाणी वाढवलं. 'तपासणी बाकी' हे शब्द छपाईत गळाले, ताईंच्या दोन्ही रेषा शेजारी शेजारी फ्लेक्सवर चढल्या आणि तो फ्लेक्स आमच्याच फाट्यावर लागला. खाली लिहिलं होतं, 'विज्ञानाने सिद्ध'. आता उरलेल्या अर्ध्या टेकडीवरचं 'पडीक रान', म्हणजे ते ऐन-किंजळ, साफ करून तिथंही बाभूळ लावायची होती. मंजुरीची बैठक मेच्या दुसऱ्या गुरुवारी अलिबागला. मंजुरी मिळाली की जूनमध्ये खड्डे.

फ्लेक्सखाली ताई किती वेळ उभ्या होत्या ते रिक्षावाल्यांना विचारा. एकानं मॅडम कुठं जायचं विचारलं, तर म्हणाल्या, कुठंही नाही.

बैठकीच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी त्यांना सापडलं. गेल्या वर्षीची रेषा त्यांनी मोठी करून बघितली. ती करवतीसारखी होती, सकाळी बायका पाणी भरायच्या तेव्हा दात खाली, दुपारी झरे भरून काढायचे तेव्हा वर. यंदाची रेषा घावनासारखी सपाट. ज्या बावीला कोणी हात लावत नाही तिचीच रेषा अशी येते. ताई तशाच बावीवर गेल्या. कप्पीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि दोर हाताला कोरडा लागत होता.

परत आल्या तेव्हा मावशी मागीलदारी भांडी घासत होत्या. पुढचं सगळ्या आळीनं ऐकलं. ताई ओरडत नाहीत, त्या शब्द सावकाश बोलायला लागतात, आणि ते जास्त वाईट.

"मावशी, बावीवरून पाणी कधीपासून भरत नाही?"

मावशींनी हातातलं पातेलं दुसऱ्यांदा घासलं. "आमची बाव हाय. भरू, न्हायतर न भरू."

ताईंनी समजावून सांगितलं. तुम्ही वाचवलेलं पाणी झाडांच्या नावावर गेलंय, गुरुवारी तुम्ही नाही बोललात तर पूर्ण टेकडी जाईल आणि मग परीक्षेलाही बाव उरणार नाही. मावशींना हे पटत नव्हतं असं नाही. पण रितेशची सोयरीक पुन्हा जमली होती, पोयनाडकडची हेमाली नावाची मुलगी, आणि साखरपुडा रविवारी होता. गुरुवारी साहेबांसमोर बाव आटते म्हणून सांगायचं आणि रविवारी पाहुण्यांना पेढा भरवायचा, हे कसं जमावं? त्या म्हणाल्या, पुढच्या सोमवारी सांगते. ताई म्हणाल्या, बैठक गुरुवारी आहे. मावशी म्हणाल्या, मग तुम्ही बैठक सोमवारी घ्या.

तेव्हा ताईंचा तोल गेला.

"सून आणाल मावशी, तिला पाणी कुठून पाजाल?"

"ते आमचं आमी बघू. तुमी आधी लगीन करा, मंग सुनंचं शिकवा."

ताई खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बुधवारी एकट्याच अलिबागला गेल्या. मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि उपास कसला ते घरात कोणी विचारलं नाही.

गुरुवारच्या बैठकीचा शेवट मी बघितला, कारण टेम्पोत मीही होतो. पण ते नंतर. आधीचं ताईंनी मागाहून सांगितलं ते असं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की माझे यंदाचे आकडे रद्द करा. साहेबांना हा प्रकार नवीन होता. आकडे खोटे आहेत म्हणून ओरडणारे त्यांनी पाहिले होते, पण स्वतःच्या आकड्यांवर ओरडणारी बाई पहिलीच.

"मॅडम, यंत्र तुमचं, आकडे तुमचे, सही तुमची. मग चूक कोणाची?"

ताईंनी गावाचं नाव घेतलं नाही. बावीतून पाणी उपसलं गेलं नसावं असं रेषेवरून दिसतं, एवढंच म्हणाल्या. पुरावा काय, असं साहेबांनी विचारलं. ताईंनी करवतीचे दात दाखवले. साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला.

आता टेम्पोचं सांगतो. बुधवारी रात्री मावशींनी स्वतः पोयनाडला फोन लावला होता. हेमालीच्या आईला म्हणाल्या, आमची बाव मार्चात आटते, आमी लपवलं, आता सोयरीक ठेवा न्हायतर मोडा. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज. मग हेमालीनंच फोन घेतला आणि होणाऱ्या सासूला म्हणाली, "आई, वेळखोलला माझी मावशी दिलीय. तुमचे ड्रम तिच्याच बावीवर भरतात. आम्हाला होळीपासून माहीत हाय." साखरपुडा रविवारीच ठरला आहे, आणि एक गोष्ट तेवढी विचारायची होती, असं ती म्हणाली. टेम्पोवाला हॉर्न वाजवल्याशिवाय येऊ शकत नाही का? तिच्या वेळखोलच्या मावशीचा नातू उठतो.

तीन महिने ज्या गोष्टीसाठी आमच्या पाठी मोडल्या, ती पोयनाडपर्यंत सगळ्यांना माहीत होती. अल्पेशनं हॉर्न वाजवल्याचा इन्कार केला. त्याच टेम्पोतून सकाळी अकरा बायका, मोकळे ड्रम आणि मी अलिबागला निघालो.

आम्ही पोचलो तोवर तो विषय संपला होता. शिपायानं बायकांना थांबवलं, मावशी थांबल्या नाहीत. साहेबांच्या टेबलासमोर उभ्या राहून त्यांनी पदर खोचला.

"साहेब, बाव भरलेली दिसते ती आमी पानी भरलं न्हाय म्हनून. झाडांनी काय केलेलं न्हाय. झाडांनी पिलंच हाय. ही बाई खरं सांगते, आमी खोटं वागलो."

साहेब म्हणाले, हे लेखी द्या. अकरा बायकांपैकी सातजणींनी सह्या केल्या, चौघींनी अंगठे. ताई कोपऱ्यात उभ्या होत्या. मला वाटलं रडतील. पण त्यांनी मावशींना विचारलं, फेब्रुवारीची नक्की तारीख आठवते का.

योजना रद्द झाली नाही. अशा योजना रद्द होत नसतात. दुसरा टप्पा एक वर्ष पुढे ढकलला आणि ताईंनी पुन्हा एक उन्हाळा मोजावं असं ठरलं. यंदा जूनमध्ये तरी टेकडीवर खड्डे नाहीत. फाट्यावरचा फ्लेक्स मात्र काढला नाही, कारण तो काढायची तरतूद नव्हती.

महिनाभरानं, रितेशचं लग्न उरकल्यावर, पत्र आलं. त्यात कलम चार असं होतं की, 'मोजणीच्या कालावधीत ग्रामस्थांनी सदर विहिरीतून नियमित पाणी भरणे बंधनकारक राहील.' ताईंनी ते पडवीत मोठ्यानं वाचलं, डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, मी बारा वर्षं शिकले ती या वाक्यासाठी.

मावशींनी कलम पुन्हा वाचायला सांगितलं. "म्हंजे आता पानी भरायला पन सरकारी कागद," त्या म्हणाल्या. मग हेमालीला हाक मारून त्यांनी तिच्या हातात कळशी दिली. सासू आणि नवी सून, दोघी बावीकडे निघाल्या. आणि मागून ताई, वही घेऊन, किती वाजले ते लिहीत.