रिकाम्या मशीनपुढचे मास्तर

चालू असलेल्या, पण काहीही न करणाऱ्या कॉम्प्युटरपुढे मास्तर चार-चार तास बसून राहायचे आणि त्याला काम म्हणायचे. पडद्यावर नुसतं घड्याळ. कीबोर्डला हात नाही, माउसला हात नाही. मांडीवर वही, शेजारी घरून आणलेला चहाचा थर्मास. बिबवेवाडीच्या माझ्या दुकानात टेबलं तीन, त्यातलं एक या तपश्चर्येत कायमचं अडकलेलं. एखादं गिऱ्हाईक विचारायचं, हे गृहस्थ कशाची वाट बघतायत? मास्तर मान न वळवता म्हणायचे, “हे बंद पडायची.”

मास्तर कुठे गेले, असं गल्लीत अजून विचारतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायची मला हौस नाही. खोटं लिहून फायदाही नाही.

त्यांचं काम असं. कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीकडून ठरावीक वेग आणि ठरावीक व्होल्टेज घेऊन येतो. वेग वाढवता येतो. आमच्या धंद्यात त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. बहुतेक जण वेग वाढवायचा म्हणून व्होल्टेजही वाढवतात. मग प्रोसेसर तापतो, तापला की आपणहून हळू होतो आणि गिऱ्हाईक होतं तिथेच राहतं. मास्तर उलटे जायचे. आधी व्होल्टेज उतरवायचे. कंपनी प्रत्येक चिपला गरजेपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज देते, कारण त्यातली कमजोर चिपही चालली पाहिजे. ते जास्तीचं काढून घेतलं की मशीन थंड राहतं आणि थंड मशीनला वेग झेपतो. कुठलंही मशीन येवो, मास्तरांचा पहिला आकडा ठरलेला, पन्नास मिलिव्होल्ट कमी. गल्लीत त्यांचं नावच ‘उणे पन्नास’ पडलं होतं. मी मास्तर म्हणायचो, कारण ते पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल लॅबमधून निवृत्त झाले होते.

मी वाशीमकडचा. दहावीनंतर पुण्यात आलो, भोसरीत पंपाच्या कारखान्यात शिफ्ट केल्या, सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटर खोलून शिकलो. दुकान उभं केलं ते घासाघीस करून. भाव पटला नाही की उठायचं आणि चालू लागायचं, ही माझी पद्धत. दहा पावलांत समोरचा हाक मारतो. मास्तरांना कामावर घ्यायला नारायण पेठेत त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर गेलो, तेव्हाही तसाच उठलो. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “जाताना दार ओढून घ्या. धूळ येते.” दोन मजले उतरलो, हाक आली नाही. पुन्हा चढून वर गेलो आणि त्यांनी सांगितलेला भाव मान्य केला. एवढ्या वर्षांत मला जिना परत चढायला लावणारा तो एकच माणूस. त्यांच्यावरचा माझा राग तिथपासूनचा आहे.

व्होल्टेज उतरवायला हद्द असते आणि ती ओलांडली तर मशीन लगेच बोलत नाही. गंमत म्हणजे जड काम चालू असताना ते धडधाकट असतं. काम थांबलं, प्रोसेसर विसावला, की त्याचं व्होल्टेज आपोआप आणखी खाली येतं. आपण आधीच जास्त उतरवलेलं असेल तर तिथे त्याचा पाय घसरतो आणि मशीन एकाएकी बंद होऊन पुन्हा सुरू होतं. म्हणून मास्तर बारा तास मशीनकडून काम करून घ्यायचे आणि मग त्याला रिकामं ठेवून पुढ्यात बसायचे. मी टेबलाच्या भाड्यावरून कुरकुर केली की म्हणायचे, “राबताना सगळेच टिकतात, शेठ. बसवून बघा.” तपासणी झाली की उतरवलेला आकडा, वेग आणि तास एका चिठ्ठीवर लिहायचे, खाली सही आणि फोन नंबर, आणि ती चिठ्ठी कॅबिनेटच्या आत चिकटवायचे. गिऱ्हाइकानं माझ्याऐवजी त्यांनाच फोन करावा, अशी ही सोय मला कधीच आवडली नाही.

त्यांच्या जिभेला साखर नव्हती. हिंजवडीतल्या एका साहेबांनी घरच्या घरी व्होल्टेज वाढवून ठेवलं होतं. मशीन दुकानात ठेवत ते कौतुकानं सांगत होते की खोलीत हिटर लागत नाही. मास्तरांनी विचारलं, “मग स्वेटर घालायचा होता. एवढा खर्च कशाला?” साहेब चिडून निघालेच होते. मीच मधे पडून थांबवलं. दोन दिवसांनी तेच मशीन कमी व्होल्टेजवर आधीपेक्षा जोरात पळालं आणि साहेबांनी ऑफिसातले आणखी चौघे पाठवले. गिऱ्हाईक घालवायचं मास्तरांनी, थांबवायचं मी, आणि नाव त्यांचं.

एक मात्र खरं. मला त्यांनी कधी अडाणी म्हणून वागवलं नाही. बिलाच्या मागे रेघा काढून व्होल्टेज आणि वेग यांचं नातं समजावलं, इंग्रजीची भीती न घालता, तीन वेळा विचारलं तरी तीन वेळा. एकदा म्हणाले, “तुम्ही शिकला असतात तर माझ्या जागी असतात.” मी सुखावलो. लगेच म्हणाले, “म्हणजे दुसऱ्याच्या दुकानात.”

पण विचारलं तरच. न विचारता मास्तर कुणाला काही सांगायचे नाहीत. मी एकदा पंखा उलटा बसवून दुपारभर डोकं धरून बसलो होतो, हे शेजारी बसून बघत होते. शेवटी वैतागून विचारलं तेव्हा म्हणाले, “पंखा उलटा आहे. विचारलं असतंत तर जेवायच्या आधी सांगितलं असतं.” तेव्हा मी हसलो होतो. तिथेच भांडायला हवं होतं.

वारज्याला एका मॅडमचा स्टुडिओ आहे. लहान मुलांची कार्टून करतात. त्यांनी बारा मशिन्स मागितली. माझ्या दुकानाला तोपर्यंत एकदम एवढं काम मिळालं नव्हतं, आणि स्टुडिओवाले सगळे एकमेकांना ओळखतात. एक खूश झाला तर चार येतात, एक बिथरला तर दहा जातात. मॅडम माझ्याइतक्याच पक्क्या. दहा दिवसांत द्या, नाहीतर दुसरा तयार आहे, म्हणाल्या. मी हो म्हणालो. मास्तरांना एका मशीनला सव्वा ते दीड दिवस लागायचा. त्यांना एकच करायला सांगितलं. त्यांनी ते केलं. उणे सत्तरवर गेलं, वेगही छान मिळाला, रिकामं बसवूनही टिकलं. चिठ्ठी लागली.

चूक माझी होती, हे आधीच मान्य करतो, म्हणजे पुढचं भांडण सरळ होईल. बारा प्रोसेसर एकाच खोक्यातले, एकाच मॉडेलचे. मी त्या एका मशीनचं सेटिंग पेन ड्राइव्हवर घेतलं आणि उरलेल्या अकरांना चढवलं. प्रत्येक चिपची हद्द वेगळी असते, हे मास्तरांनीच बिलाच्या मागे काढून दाखवलं होतं. घाईत डोक्यातून गेलं, की मी जाऊ दिलं, आज सांगता येणार नाही. पण मास्तर दोन हातांच्या अंतरावर बसले होते. एकामागून एक अकरा मशिन्सना मी पेन ड्राइव्ह लावताना त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मग थर्मासचं झाकण लावलं आणि वही उघडली.

मशिन्स नवव्या दिवशी पोचली. आठवडाभरानं मॅडमचा फोन आला. माणसं चहाला उठली की मशिन्स बंद पडत होती. परत येऊन बघावं तर न साठवलेलं काम गेलेलं. एका भागाची अर्धी चित्रं पुन्हा करायची वेळ आली होती. त्यांनी कॅबिनेट उघडून बघितलं, बारांत एकाच ठिकाणी चिठ्ठी. त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. मास्तरांनी सांगितलं, “एकच मशीन माझं आहे. त्याचे आकडे बाकीच्यांना चढवले आहेत. मी बघितलं.”

हे वाक्य मॅडमनी मला जसंच्या तसं ऐकवलं. पंधरा दिवसांत नीट करा, नाहीतर सगळी उचलून न्या, आणि का न्यावी लागली ते मी सगळ्यांना सांगणार, असं बजावून फोन ठेवला.

मी तसाच नारायण पेठ गाठली. जे बोललो त्यातलं बरंचसं लिहिण्यासारखं नाही. परक्या बाईला सांगता येतं आणि ज्याच्या दुकानात बसता त्याला सांगता येत नाही, असा एकूण आशय. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

“त्यांनी विचारलं,” ते म्हणाले. “तुम्ही विचारलं नाहीत.”

“विचारायला मला चूक दिसायला नको? दिसत तुम्हाला होती.”

“तुम्ही घाईत होतात, शेठ. घाईतल्या माणसाला सांगितलं की तो ओरडतो. ते ऐकून घ्यायचं माझं वय राहिलं नाही.”

“मग आता चला वारज्याला. अकरा आहेत, दोघं मिळून करू.”

“ते काम मी केलेलं नाही,” मास्तर म्हणाले आणि उठून दार उघडून उभे राहिले.

मी एकटा गेलो. पहिल्या दिवशी अकराही मशिन्स कंपनीच्या मूळ व्होल्टेजवर आणली, म्हणजे माणसांचं काम तरी अडू नये. मग रोज एक मशीन कोपऱ्यात घ्यायचं, दहा-दहा मिलिव्होल्टनं उतरवायचं, राबवायचं, रिकामं ठेवायचं आणि समोर बसायचं. स्टुडिओतली पोरंपोरी माझ्याकडे बघून हसायची. अकरातल्या दोनच चिप उणे सत्तरला टिकल्या. एकीला तर तीसही सोसले नाहीत. तिच्यापुढे बसलो असताना मास्तरांना मी मनातल्या मनात दिलेल्या शिव्यांनी त्यांची एक वही भरली असती. तेराव्या दिवशी काम संपलं. मॅडमनी मशिन्स ठेवली. पुढच्या सहा मशिन्सचं काम मात्र त्यांनी दुसऱ्याला दिलं.

त्यानंतर महिन्याभरानं मास्तरांचा फोन आला. हॅलो नाही, नमस्कार नाही.

“किती दिवस लागले?”

“तेरा.”

“दोघांना नऊ पुरले असते.”

एरवी मी फोन आपटला असता. का कोण जाणे, नाही आपटला. म्हणालो, “मास्तर, मी विचारलं नाही, हे खरं. पण तुम्ही बघत होतात.”

पलीकडून त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता.

“बघत होतो,” मास्तर म्हणाले. मग फोन ठेवला.

माफी मागितली असं मी म्हणणार नाही, आणि मी माफ केलेलंही नाही. ते पुन्हा दुकानात आले नाहीत, मी बोलावलं नाही. त्यांच्या तोडीचं काम करणारं माणूस शोधायला लागलो. पगारावर मी आजही तासभर घासाघीस करतो, पण त्याआधी एक अट घालतो : मी चुकताना दिसलो की न विचारता बोलायचं, मी कितीही ओरडलो तरी. दोघं जण महिन्याच्या आत काम सोडून गेले. आता एक बाई आहेत, पूर्वी चाकणच्या कारखान्यात सर्किट तपासायच्या. त्या रोज बोलतात, गिऱ्हाइकासमोरसुद्धा. रोज माझं डोकं फिरतं, रोज मी ओरडतो. दोन वर्षं झाली, त्या आहेत.