आर्दीलिओदाजींच्या तोंडातलं बिस्किट

माझे मेव्हणे आर्दीलिओ मोन्ताली हे पार्मातले हॅम हुंगणारे. थट्टा नाही, हा धंदाच आहे. डुकराच्या टांगलेल्या मांडीत घोड्याच्या हाडाची सुई खुपसायची, लगेच नाकाशी धरायची आणि माल चांगला की वाया ते सांगायचं. दाजी एकदा "वाया" म्हणाले की मालकसुद्धा हुज्जत घालत नसे. रविवारी दुपारी हेच नाक वर करून ते ऑपेराला यायचे.

आम्ही बसतो सगळ्यात वर, छताखालच्या लाकडी बाकांवर. खाली मखमली खुर्च्यांवरचे लोक टाळ्या वाजवतात ती निव्वळ रीत. गायकाचा निकाल लागतो तो वर. इथे शिट्टी म्हणजे शिक्षा. पहिली शिट्टी किंवा पहिली "ब्राव्हो" दाजींची, हे कोणी ठरवलेलं नव्हतं आणि मोडायची कोणाची छातीही नव्हती. दाजी दोन बोटं तोंडात घालायचे आणि भले भले गायक रंगाच्या खाली पांढरे पडायचे.

असा हा खडूस माणूस ग्वेर्रीनो मालाव्हासीवरून मात्र जीव ओवाळून टाकायचा. मालाव्हासी बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीतला भरदार पुरुषी आवाज. बाहेरच्या धुक्यातून घरात शिरल्यावर चुलीची ऊब लागावी तसा तो अंगाला लागायचा. पण नुसत्या आवाजाला दाजी भुलणारे नव्हते. त्यांना वेड लावलं ते एका ऑपेरातल्या त्याच्या म्हाताऱ्या नावाड्याच्या भूमिकेनं.

त्या ऑपेरात शेवटी नावाड्याची मुलगी मरते आणि तिची चादरीएवढी शाल तेवढी मागे राहते. बाकीचे गायक शाल छातीशी कवटाळून गळा काढायचे. मालाव्हासी ती झटकायचा आणि घडी घालायला लागायचा. एवढी मोठी शाल एकट्याला कशी आवरणार? मग तो सवयीनं एक टोक समोर धरायचा, कोणीतरी पकडेल म्हणून. समोर कोणी नसायचं. हात तसाच राहायचा आणि तिथून तो गायला लागायचा.

ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी दाजी घरी आले आणि दोरीवरची चादर काढणाऱ्या माझ्या बहिणीसमोर, इल्देताईसमोर जाऊन मुकाट्यानं दुसरं टोक धरून उभे राहिले. लग्न झाल्यापासून धुण्याला हात न लावलेला माणूस! ताईला वाटलं, नवऱ्याला ताप आलाय. तेव्हापासून आजतागायत त्या घरात चादरीची घडी दोघं मिळून घालतात.

पुढे मालाव्हासीच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. तो संपला असंच सगळे धरून चालले होते, आणि अचानक जाहिरात लागली: मालाव्हासी पार्मात नावाडी करणार. गाव खूष. दाजींचं जेवणावरचं मन उडालं.

"तुमचा लाडका येतोय आणि तोंड असं का?" ताई म्हणाली.

"शेवटचा वरचा सूर आहे ना," दाजी म्हणाले. "तो संगीतकारानं लिहिलेला नाही, पण इथे हक्कानं मागतात. त्याचा आवाज तिथे फाटला तर?"

"तर फाटला. माणूस आहे तो."

"मग मला शिट्टी मारावी लागेल. एवढ्या जणांना मारली, आता आपल्या माणसाला सोडली तर मी कसला हुंगणारा? आणि त्याला मारली तर... इल्दे, माझ्यानं नाही होणार गं."

"मग घरी बसा."

"मी आलो नाही, हीच शिट्टी होईल."

रविवारी दाजी, ताई आणि मी निघालो तेव्हा दाजींच्या कोटाचा खिसा फुगला होता. ताईची बदामाची बिस्किटं! ती वाइनमध्ये बुडवल्याशिवाय घशाखाली उतरत नाहीत, हे आमच्या घराण्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

मालाव्हासी वाळला होता. पहिल्या अंकात त्यानं आवाज जपून वापरला. माझ्या मागे बसलेला सायकलवाला नुल्लो कुजबुजला, "काय हो आर्दीलिओ, वास येतोय का?" दाजींनी खिसा चाचपला.

शेवटचा प्रवेश आला. मालाव्हासीनं शाल झटकली, टोक समोर धरलं. त्याच क्षणी दाजींनी दोन बिस्किटं अख्खी तोंडात कोंबली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भरल्या तोंडानं शिट्टी वाजत नाही!

आणि मालाव्हासीनं तो वरचा सूर लावलाच नाही. तो खाली उतरला. लिहिला होता तसा, हळू, जवळजवळ बोलल्यासारखा, हात समोर धरून मुलीला म्हणाला, की आता ये. इतकी वर्षं आम्ही त्या सुराची वाट पाहण्यात बापाकडे बघायचंच विसरलो होतो.

वाद्यं थांबली. सगळं थिएटर गप्प. वरची सगळी बाकं दाजींकडे वळली.

दाजींचे डोळे वाहत होते. "ब्राव्हो" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि बदामाचा भुगा तेवढा बाहेर आला. ते खोकत होते, हात हलवत होते. त्या हात हलवण्याचा अर्थ लोकांनी "नाही, नाही" असा घेतला. खाली मालाव्हासी टोक धरून तसाच उभा. नुल्लोनं बोटं तोंडाकडे नेली.

"हात खाली, मेल्या!" इल्देताई उठून उभी राहिली. वरच्या बाकांवर जन्मात ब्र न काढलेली बाई. "ब्राव्हो, ग्वेर्रीनो! ब्राव्हो!"

नुल्लो आधी दचकला, मग तोच ओरडायला लागला. छत खाली येतं की काय असं वाटलं. दाजी बाकावर बसून खोकत होते, रडत होते, हसत होते. ताई त्यांच्या पाठीत धपाटे घालत होती. माझाही जीव भांड्यात पडला.

मागच्या दारापाशी आम्ही उभे राहिलो. मालाव्हासी बाहेर आला, कानामागे रंग तसाच. दाजींना बघून थांबला.

"तुम्ही त्या कोपऱ्यातल्या बाकावरचे ना? शिट्टीवाले? तुम्ही गप्प राहिलात तेव्हा मी मनात म्हटलं, संपलं."

दाजींचा घसा अजून मोकळा झाला नव्हता. त्यांनी खिशातून उरलेलं बिस्किट काढून दाखवलं. ताईनं सगळी हकीकत सांगितली, एक शब्द न गाळता. मालाव्हासी भिंतीला टेकून पोट धरून हसला. मग हात पुढे करून म्हणाला, "द्या ते इकडे. भीतीनं सकाळपासून पोटात काही नाही."

दाजींनी बिस्किट मोडलं, अर्धं त्याला दिलं, अर्धं स्वतः घेतलं. दोघांचेही गाल फुगले. एकमेकांकडे बघत माना डोलवत राहिले, शब्द काही कोणाच्या तोंडून फुटेना.

"सावकाश चावा," ताई म्हणाली. "आता कोणालाच गायचं नाहीये."