आबांच्या कोटावरचं पदक

माझे आजोबा पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला यायचे बंद झाले, ते गुडघेदुखीमुळं नव्हे. माझ्यामुळं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आबा इंग्रजांच्या काळात मुंबईच्या गोदीत होते. बोटींच्या पत्र्यांना रिबिटा ठोकायचं काम. त्या ठणठणाटात दोन्ही कान गेले, तेव्हा सरकारनं त्यांना घरी पाठवलं आणि इतक्या वर्षांच्या चाकरीबद्दल चांदीचं पदक दिलं. त्यावर इंग्लंडच्या राजाचं तोंड, कडेला बारीक अक्षरांत आबांचं नाव. गावी ते पदक वर्षातून एकदाच, पंधरा ऑगस्टला बाहेर निघायचं. आदल्या दिवशी आबा ते चिंचेनं घासायचे, काळ्या कोटाला लावून बघायचे आणि बहिरी माणसं बोलतात तसे मोठ्यांदा म्हणायचे, "एक खाडा न्हाय केला कधी!"

मी गावच्याच शाळेत नवा मास्तर लागलो. त्या वर्षी झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, आणि पोरांना गोळ्या वाटता वाटता एक जुने सहकारी म्हणाले, "काय गुरुजी, आजोबांनी राजालाबी आणलंय की झेंडावंदनाला! खुर्ची द्या त्याला."

"दोन द्या," मागून कुणीतरी म्हणालं. "राणी मागनं येतीय."

सगळे हसले. लोक आपल्याकडं बघून हसताहेत म्हणून आबाही हसले, आणि पदक नीट दिसावं म्हणून त्यांनी खांद्यावरचं उपरणं बाजूला सारलं. मीही हसलो.

पुढच्या वर्षी त्या सकाळी आबा कोट घालून ओट्यावर बसले होते. बोलून उपयोग नव्हता. मी वाकलो, पिन सोडवली आणि पदक त्यांच्या खिशात टाकलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग कोट काढला, घडी घातली आणि उठले.

"आबा येत न्हाईत व्हय?" दादांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं.

"गुडघे दुखतायत म्हणाले."

आबा तिथंच दारात उभे होते. त्यांच्या तोंडावर मी हे बोललो, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं.

त्या दिवसापासून दादा रोज त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळू लागले. "माजं गुडघं बरं हायत की," आबा म्हणायचे. दादा मला म्हणायचे, "गोदीतला माणूस. कळ सांगायचा न्हाय." मी काय केलं होतं, ते आबांनी कधीच सांगितलं नाही. झेंडावंदनाला ते पुन्हा आले नाहीत. चार वर्षांनी गेले.

आता दादा सोलापुरात माझ्याकडं असतात. पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. दर पंधरा ऑगस्टला टीव्हीवर झेंडा दिसला की त्यांचं सुरू होतं. "आबास्नी त्या वक्ताला हितं आणून डाक्टरला दाखवाय पायजे हुतं. गुडघ्यापायी घरात बसवला मी त्यो माणूस. लई चुकलं माजं."

यंदाही म्हणाले. टॉवेलनं डोळे पुसले. मी "तसं नाही दादा" एवढंच म्हणालो आणि पाणी आणायला आत गेलो.

दादांचं काही चुकलं नव्हतं. आबा घरी का बसले, हे त्यांना समोर बसून सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.